बुरूड राजाचा कोट आणि वेताचं चिलखत

सकाळी विरारच्या फलाटावर उभं राहिलं की 'अंग चोरणं' म्हणजे काय, हे शब्दकोशात बघावं लागत नाही. गाडी पुरती थांबायच्या आत बायका डब्यात शिरतात. नालासोपाऱ्याच्या काहीजणी आधी उलट्या दिशेने विरारला येऊन खिडकी धरून बसलेल्या असतात. वसई सुटेपर्यंत डबा असा भरतो की एकदा कडीला लावलेला हात बोरिवलीपर्यंत खाली आणता येत नाही. खांदे आत, पोट आत, पर्स छातीशी. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकलेलं, अर्धं अधांतरी. मी हा प्रवास बावीस वर्षं केला. आपलं शरीर किती जागा घेतं, ते कुठे दुखतं, अनोळखी कोपर बरगडीत रुतलं की मनात आधी राग येतो की आधी लाज, हे सगळं मला त्या डब्यात कळलं. कलेविषयी पुढे जे वाचलं, त्याचा पाया तिथे घातला गेला होता.

म्हणून शरीर आणि त्याचं उघडेपण या विषयावरच्या पुस्तकाची प्रस्तावना मी विरारहून लिहिते आहे, याचा मला संकोच वाटत नाही. पुढच्या पानांतले लेख अशा छायाचित्रांविषयी आहेत ज्यांत कलावंताने स्वतःचं शरीर एखाद्या विचारासाठी कॅमेऱ्यासमोर उभं केलं आहे. कुणी विवस्त्र झालं, कुणी चिलखत घातलं, कुणी माश्यांमध्ये बसून राहिलं. या प्रकाराला फोटो-परफॉर्मन्स म्हणतात. त्यात तीन गोष्टी एकत्र येतात: एक शरीर, त्या शरीराने घेतलेला एक निर्णय आणि तो निर्णय टिपणारा कॅमेरा. तिन्हींत महत्त्वाचा निर्णय. तो काढून घेतला तर उरतो तो कुणाच्या तरी अंगाचा फोटो, आणि असे फोटो जगात मुबलक आहेत.

या कलेच्या चर्चेत 'व्हल्नरेबिलिटी' हा शब्द सारखा येतो. त्याच्या मुळाशी जखम या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ज्याला जखम होऊ शकते ते व्हल्नरेबल. मराठीत आपण कधी असुरक्षितता म्हणतो, कधी भेद्यता, कधी हळवेपणा, आणि तिन्ही शब्द थोडे थोडे तोकडे पडतात. पण रोजच्या बोलण्यात आपल्याकडे अंगाचे शब्दप्रयोग भरपूर आहेत. संकट अंगावर येतं, प्रकरण अंगाशी येतं, दुःख अंगवळणी पडतं, माणूस एखाद्या गोष्टीतून अंग काढून घेतो किंवा एखादी जबाबदारी अंगावर घेतो. माझ्यापुरता मी या विषयासाठी एक भेद धरला आहे: उघडं पडणं आणि उघडं होणं. उघडं पडणं आपल्यावर ओढवतं, उघडं होणं आपण ठरवतो. पुस्तकातलं प्रत्येक छायाचित्र या दोन क्रियापदांच्या मध्ये कुठेतरी उभं आहे. ते नेमकं कुठे उभं आहे हे शोधणं, एवढंच काम ही प्रस्तावना वाचकाला सांगू पाहते.

ही कला अलीकडची वाटते, पण तिचा पहिला नमुना छायाचित्रणाच्या जन्माइतका जुना आहे. १८४० साली फ्रान्समध्ये इपोलित बायार नावाच्या माणसाने स्वतःचा फोटो काढला. कमरेपर्यंत उघडं अंग, खाली चादर, डोळे मिटलेले, शेजारी भिंतीवर गवताची हॅट. फोटोच्या मागे त्याने लिहून ठेवलं की हे बुडून मेलेल्या बायारचं प्रेत आहे. कागदावर थेट चित्र उमटवण्याची स्वतःची पद्धत त्याने शोधली होती, पण सरकारचा मान आणि मोबदला दागेर या दुसऱ्या संशोधकाला मिळाला आणि बायार उपेक्षित राहिला. त्याने तक्रार केली ती आपल्या शरीरातून. मेल्याचं सोंग घेतलं आणि त्या सोंगाला पुरावा म्हणून फोटो जोडला. या कलेचे सगळे प्रश्न त्या एका चित्रात आले आहेत. हे खोटं आहे, कारण तो जिवंत होता. हे खरं आहे, कारण त्याच्यावरचा अन्याय खरा होता. फोटोतलं शरीर खोटं बोलत असताना खरं सांगू शकतं, हे त्या माणसाला छायाचित्रण जेमतेम वर्षभराचं असताना उमगलं.

त्याच शतकात मुंबईत मात्र कॅमेऱ्यासमोरच्या शरीरांना निर्णय घ्यायची मुभा फारशी नव्हती. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपले लोक हे तंत्र फार लवकर शिकले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. पण त्याच काळात विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. माणसांचे फोटो एकीकडे घेतले, मागची दृश्यं दुसरीकडची, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलं. चित्राखाली माणसाचं नाव नाही, जातीचं आहे. जी माणसं तिथे उभी होती त्यांना आपल्यामागे कुठला देखावा लागणार हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पुढे सरकारनेच 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केले. राज्य करायचं तर प्रजेची शरीरं ओळखता आली पाहिजेत, ही त्यामागची दृष्टी होती. ही शरीरं उघडी पडली. ती नेसून-सजून उभी होती, तरीही उघडी पडली.

सव्वाशेहून अधिक वर्षांनी बंगळुरूच्या कलावंत पुष्पमाला एन. या चौकटीत स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ या काळात त्यांनी 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' ही मालिका केली. देवीचं कॅलेंडर, सिनेमातली नायिका, वर्तमानपत्रातला गुन्हेगार स्त्रीचा फोटो आणि मापाच्या चौकटींपुढे उभी केलेली आदिवासी स्त्री, ही सगळी रूपं त्यांनी आपल्या अंगावर घेतली. जुन्या फोटोत जिला कुणी विचारलं नव्हतं, तिच्या जागी आता ठरवून आलेली बाई उभी आहे आणि तीच ठरवते की कॅमेरा काय बघेल. वेशभूषा तीच, चौकट तीच, बदललंय ते फक्त निर्णय घेणारं माणूस. त्या एका बदलाने फोटो उलटून बघणाऱ्याकडे बघायला लागतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे रूप घेणं नवं नाही. बहुरूपी दारात पोलीस होऊन यायचा, घरातली पोरं खरोखर घाबरायची, आणि मग तो हात पुढे करायचा. पोतराज कमरेला रंगीत चिंध्यांचा घोळ बांधून यायचा आणि स्वतःच्या उघड्या पाठीवर आसूड ओढायचा. त्या आवाजाने माझ्या लहानपणी वाडीतली सगळी दारं उघडायची. पोतराजाचा विचार केला की माझा नेटका भेद डळमळतो. आसूड त्याच्याच हातात आहे, म्हणजे निर्णय त्याचा. पण कितीतरी पोतराज लहानपणीच नवसाने देवीला सोडलेले असत. पोटापाण्याचं दुसरं साधन नसे. मग तो आसूड नक्की कुणाच्या हातात होता? उघडं पडणं आणि उघडं होणं यांतली रेघ खडूने आखल्यासारखी स्वच्छ नसते, हे ध्यानात ठेवूनच पुढची चित्रं बघायला हवीत.

वसईत आणखी एक शरीर आहे, जे आपण चर्चच्या भिंतींवर आणि वेदींवर पाहत वाढलो. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला ज्या २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आलं, त्यांत ते होते. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. श्रद्धेच्या प्रतिमेला मी कलाकृतीच्या रांगेत बसवत नाही. पण भोसकलेल्या शरीराकडे मान झुकवून बघण्याची सवय या तालुक्यातल्या हजारो घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. जखम बघताना आपण काय करायचं असतं, हे इथल्या माणसांना परदेशी कलेच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आता मुंबईच्या दोन स्त्रियांकडे वळते, कारण या विषयाचं मराठी मुलखातलं काळीज त्यांच्या कामात आहे.

रुमाना हुसैन या चित्रकार होत्या. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली आणि पाठोपाठ मुंबई पेटली, तेव्हा आपण मुसलमान आहोत हे त्यांना शहराने सांगितलं. त्यानंतर त्यांची कला कॅनव्हासवरून खाली उतरली. फुटक्या मडक्यांचे तुकडे, गेरू, नीळ अशी घरातली द्रव्यं त्यांच्या हातात आली. १९९५ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात त्यांनी 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' हे सादरीकरण केलं. पायांत घुंगरू, हातात मधोमध चिरलेली पपई आणि तोंड वासलेलं, जसं किंचाळताना वासतं तसं. आवाज मात्र नाही. त्या तशाच चालत राहिल्या. हे सादरीकरण ज्यांनी त्या दिवशी पाहिलं ते मोजकेच लोक. आपल्यापर्यंत ते छायाचित्रांतून आणि चित्रफितीतून पोचलं आहे.

आणि छायाचित्रात एक विलक्षण गोष्ट घडते. प्रत्यक्षात त्या किंकाळीला आवाज नव्हता, कारण त्यांनी तो काढला नाही. फोटोत आवाज नाही, कारण फोटोला तो नसतोच. दोन मुकेपणं एकमेकांवर बसतात. त्या वासलेल्या तोंडाकडे बघताना आवाज भरायचं काम बघणाऱ्याच्या कानांवर पडतं. १९९३ च्या जानेवारीत ज्यांनी मुंबईत दार लावून रात्री काढल्या, त्यांचे कान तो आवाज आपोआप भरतात. पुढे कर्करोगाने रुमानांचं शरीर पोखरलं आणि १९९९ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या शेवटच्या कामांत आजारी शरीर आणि घायाळ समाज एकाच श्वासात येतात. चिरलेल्या पपईतल्या काळ्या बिया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला गाठ, गर्भ, जखम यांपैकी काय आठवेल हे त्याच्या त्याच्या आयुष्यावर अवलंबून आहे.

दुसऱ्या शकुंतला कुलकर्णी. १९५० साली धारवाडला जन्म, शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात आणि बडोद्याला, कामाचं शहर मुंबई. २०१० च्या सुमाराला त्यांनी वेताची चिलखतं करायला घेतली. आसामकडच्या वेतकाम जाणणाऱ्या कारागिरांबरोबर बसून, स्वतःच्या शरीराच्या मापाने. डोक्यावर शिरस्त्राण, गळ्यात पट्ट्यांवर पट्टे, छातीभोवती पिंजरा, खाली घेरदार झगा. त्यांत योद्ध्याचा वेश दिसतो तसा दागिन्यांनी मढलेल्या बाईचाही. ही चिलखतं चढवून त्या मुंबईच्या सार्वजनिक जागांत उभ्या राहिल्या आणि त्या उभं राहण्याची छायाचित्रं झाली. २०१२ मध्ये केमोल्ड प्रेस्कॉट रोड या कलादालनात 'ऑफ बॉडीज, आर्मर अँड केजेस' या नावाने हे काम लोकांसमोर आलं.

त्यांतलं एक छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सकाळचा डबा आठवला. छातीशी धरलेली पर्स, ओढणीला लावलेली जादा पिन, मुद्दाम पुढे घेतलेली सॅक, टोकदार कोपर. आम्ही सगळ्याजणी रोज चिलखत चढवूनच घराबाहेर पडत होतो. फक्त ते कुणाला दिसत नव्हतं, कारण ते सवयींचं विणलेलं होतं. शकुंतलाबाईंनी ते वेताचं केलं आणि दिसू लागलं.

चिलखतासाठी वेत का, याचा विचार करण्यासारखा आहे. पोलादाचं चिलखत आतलं शरीर झाकून टाकतं. वेत झाकत नाही. त्याच्या विणीतून कातडी दिसते, साडी दिसते, वारा आत जातो, आणि ज्याला बोट घालायचं त्याचं बोटही आत जाईल. वेत वाकतो, आणि जास्त वाकवला तर मोडतो. म्हणजे हे असं संरक्षण आहे जे स्वतःच जखमी होऊ शकतं. शिवाय ते घातलेल्या बाईला झटकन वळता येत नाही, बसता येत नाही, धावता तर मुळीच येत नाही. जे वाचवतं तेच कोंडतं. मुलीला 'सातच्या आत घरात' म्हणणाऱ्या प्रत्येक आईला हे दुखणं ठाऊक आहे. तिचा उंबरा चिलखतही असतो आणि पिंजराही, आणि तो ती प्रेमानेच आखते.

दुसरी गोष्ट वयाची. हे काम केलं तेव्हा शकुंतलाबाई साठीच्या आसपास होत्या. बाईच्या शरीराची छायाचित्रं आपण रोज शेकड्यांनी पाहतो आणि त्यांत साठीचं शरीर जवळजवळ नसतं. असलंच तर औषधाच्या किंवा विम्याच्या जाहिरातीत. इथे ते शहराच्या मधोमध उभं आहे, सरळ, नजर न चोरता. त्याला कुणाला भुलवायचं नाही आणि कुणाची कीवही नको. पुढे 'जुलूस' या चित्रफितीच्या कामात त्यांनी अशाच चिलखतधारी स्त्रीची मिरवणूकच्या मिरवणूक केली. एकटीचं उभं राहणं होतं त्याचा जथा झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये डिओरच्या फॅशन शोच्या मंचावर त्यांची वेताची शिल्पं उभी राहिली, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना त्यांचं नाव प्रथम कळलं. मला तो मान मोलाचा वाटतो. पण माझ्यासाठी ते काम मुंबईच्या रस्त्यावरच राहतं, जिथे ते घालून उभं राहायला धाडस लागत होतं.

शहराबाहेरच्या वस्तीचा विषय निघाला की मला चीनमधले कलावंत झांग हुआन आठवतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बीजिंगच्या कडेला एका गावात काही तरुण कलावंत राहायला गेले. भाडं परवडत होतं म्हणून. शेजारी कचरा, सांडपाणी आणि बाहेरगावाहून आलेले मजूर. नालासोपाऱ्यात ज्यांनी पहिली खोली घेतली त्यांना हा पत्ता ओळखीचा वाटेल. १९९४ च्या उन्हाळ्यात झांग हुआन तिथल्या सार्वजनिक शौचालयात विवस्त्र बसले. अंगाला मध आणि माशाचं तेल. तासभर ते हलले नाहीत आणि माश्यांनी त्यांचं अंग भरून गेलं. त्यांचे सोबती रोंग रोंग यांनी त्याचे फोटो काढले. त्या शौचालयात वस्तीतली सगळी माणसं रोज जात होती, माश्या रोज त्यांच्या अंगावर बसत होत्या. झांग हुआन यांनी त्या रोजच्या गोष्टीतला एक तास स्वतःच्या अंगावर घेतला आणि जगाला त्याकडे बघावं लागलं.

तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांनी चाळीसेक स्थलांतरित मजुरांना एका तळ्यात उतरवलं. बांधकामावरचे, मासेमारी करणारे, हमाली करणारे. सगळे पाण्यात उभे राहिले आणि तळ्याची पातळी वाढली. कामाचं नावच 'तळ्यातल्या पाण्याची पातळी वाढवण्यासाठी' अशा अर्थाचं आहे. झांग हुआन स्वतः एका लहान मुलाला खांद्यावर घेऊन त्यांच्यात उभे होते. हे छायाचित्र मी विरारमध्ये कुणालाही दाखवलं तरी समजावून सांगावं लागत नाही. आपण पाणी मोजतोच अंगाने: घोट्यापर्यंत, गुडघाभर, कमरेइतकं, छातीला लागलं. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी भरलं आणि गाड्या थांबल्या, तेव्हा फोनवर प्रत्येकजण घरच्यांना आपल्या शरीराचा एकेक भाग सांगत होता. त्या पाण्यात माणसं नाइलाजाने उभी होती. तळ्यातल्या मजुरांना कुणीतरी विचारलं होतं. दोन चित्रांत पाणी सारखंच दिसेल, पण ती दोन वेगळी चित्रं आहेत.

तरीही तळ्यातल्या चित्राला मी सहज सोडत नाही. मजुरांना विचारलं, पण कलाकृतीवर नाव झांग हुआन यांचं. शौचालयातल्या छायाचित्रांबाबतही प्रश्न आहेच: ती कुणाची, बसणाऱ्याची की टिपणाऱ्याची? शरीर देणाऱ्याची, विचार देणाऱ्याची की बटण दाबणाऱ्याची? पुष्पमालांनी क्लेअर आर्नींचं नाव आपल्या बरोबरीने ठेवलं. सगळीकडे तसं होत नाही. वेत विणणाऱ्या हातांचं, पाण्यात उभ्या राहिलेल्या पायांचं काय, हा प्रश्न वाचकाने या पुस्तकाच्या प्रत्येक लेखाला विचारावा. लेखाकडे उत्तर नसेल तर तो लेखाचा दोष समजावा.

आता रोजच्या व्यवहाराकडे येते. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यानंतरच्या दिवसांत वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर आपल्याच माणसांची शरीरं दिसत राहिली. त्यांच्यापैकी कुणीही कॅमेऱ्यासमोर यायचं ठरवलं नव्हतं. बातमीला त्यांतल्या काही चित्रांची गरज होती, हे मला मान्य आहे. पण नंतर प्रत्येक खिशात कॅमेरा आला. आज रुळांवर कुणी पडलं तर मदतीच्या हाताआधी फोन वर झालेला मी पाहिला आहे. त्या क्षणी पडलेल्या माणसाकडून शेवटची गोष्ट काढून घेतली जाते, आपलं शरीर कुणाला दिसावं हे ठरवण्याची. रुमाना, शकुंतलाबाई, पुष्पमाला यांची कला मला इतकी जवळची वाटते ती यासाठी. जिथे सगळे दुसऱ्याच्या अंगावर कॅमेरा रोखत आहेत, तिथे या बायकांनी तो आपल्यावर वळवून घेतला. धोका आपल्या अंगावर घेतला आणि दुसऱ्याची जखम दाखवायला दुसऱ्याचं शरीर वापरलं नाही.

अशाच लोकलच्या डब्यांत कलावंत शिल्पा गुप्ता 'ब्लेम' या कामासाठी लाल द्रवाच्या छोट्या बाटल्या घेऊन गेल्या होत्या, २००२ नंतरच्या काळात. रक्तासारखं दिसणारं ते पाणी त्या प्रवाशांच्या हातात देऊ करत. कुणाचं रक्त, कुठल्या धर्माचं, हे बाटलीकडे बघून सांगता येणार नव्हतं. तिथे कलावंताच्या शरीराइतकंच प्रवाशाचं शरीर कामात ओढलं गेलं: हात पुढे करायचा की मागे घ्यायचा? गर्दीत आपलं अंग चोरता येतं, पण समोर बाटली धरली की अंग काढून घेणंही एक उत्तर ठरतं.

वसईच्या किल्ल्यात रविवारी सकाळी गेलं तर पडक्या चर्चच्या कमानींखाली लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी दिसतात. झग्याचं टोक धरून उभी राहिलेली बहीण, रिफ्लेक्टर घेतलेला मुलगा, अवघडून उभा नवरदेव. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने ज्या तटाखाली माणसं गमावून हा किल्ला घेतला, त्या तटाला टेकून मुलगी मान तिरकी करते. मला हे दृश्य आवडतं. पडक्या भिंतीसमोर जिवंत शरीर उभं केलं की दोघांचं वय दिसतं, हे त्या छायाचित्रकार मुलांना शिकवल्याशिवाय कळलेलं आहे. प्रकाश त्यांना कळतो, अंगविन्यास कळतो. त्यांच्यापैकी एकाने जरी एखाद्या सोमवारी, गिऱ्हाईक नसताना, तोच कॅमेरा स्वतःवर लावला आणि स्वतःच्या अंगाला एक प्रश्न विचारला, तरी हा विषय वसईत रुजला असं मी समजेन. हे पुस्तक त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती पडावं अशी माझी फार इच्छा आहे.

वाचकाला एक विनंती. ही चित्रं भराभर उलटू नका. प्रत्येक चित्रापाशी थांबून आधी स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्या. खांदे आक्रसले का? नजर कुठून सरकली? पान उलटावंसं का वाटलं? किळस आली असेल, लाज वाटली असेल, कंटाळा आला असेल, तर तेही चित्राचंच काम आहे. मग विचारा: हे शरीर उघडं झालंय की उघडं पाडलंय? आणि मी बघणारा यांपैकी काय करतो आहे?

शेवटी माझ्या गावाजवळचीच एक गोष्ट सांगते. नालासोपाऱ्याच्या स्तूपाला जुनी माणसं बुरूड राजाचा कोट म्हणतात. बुरूड म्हणजे बांबूच्या कामट्या काढून सुपं, टोपल्या विणणारे. स्तूपाला हे नाव कसं पडलं याच्या कथा आहेत, मला त्यांत एवढंच मोलाचं वाटतं की इथल्या लोकांनी आपल्या सर्वांत पवित्र ढिगाऱ्याला विणणाऱ्याचं नाव दिलं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बसलेल्या आठ छोट्या मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात सोन्याच्या फुलांबरोबर मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या. हे सगळं आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

लहानपणी मला वाटायचं, इतकं सोनं-चांदी करून आत खापऱ्याच का ठेवल्या. आता वाटतं, दुसरं काय ठेवायचं होतं? भिक्षेसाठी पुढे केलेलं पात्र म्हणजे माणसाने जगापुढे धरलेलं रिकामं अंगच. त्यात कुणी अन्न घालील, कुणी शिवी घालील. ते फुटलं, तरी कुणीतरी तुकडे वेचले आणि एकावर एक कवच चढवत गेलं. रुमानांच्या हातातही फुटक्या मडक्यांचे तुकडे होते. शकुंतलाबाईंच्या अंगावर विणलेला वेत होता. त्यांना सोपाऱ्याचा कोट आठवला असेल असं मी म्हणत नाही. पण मी जेव्हा कोटाच्या विटांवर बसते आणि ती छायाचित्रं मनासमोर आणते, तेव्हा विणणारा राजा, वेतातून दिसणारी कातडी आणि सोन्याच्या आतली खापरी मला एकाच रांगेत दिसतात.

पलीकडे रुळांवरून संध्याकाळची विरार जाते. दारात लटकलेल्या माणसांचे शर्ट वाऱ्याने फुगलेले असतात. मी त्यांचा फोटो काढत नाही.

विरार